ट्रकमध्ये हॅम रेडिओ बसवताय? या चुका टाळा

कारमध्ये रेडिओ सेट व्यवस्थित बसवलेले अनेक हॅम, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवर बोलणारे, ट्रकच्या बाबतीत फसतात, कारण तीच पद्धत इथेही चालेल असं त्यांना वाटतं. टाटा, अशोक लेलँडच्या अवजड ट्रकमध्ये वीज २४ व्होल्टची असते, केबिन रबरी बुशांवर बसलेली असते आणि मागचा हौदा किंवा कंटेनर बहुतेक वेळा टपापेक्षा उंच असतो. बिघडलेला म्हणून काढून ठेवलेला सेट टेबलावर लावला की बहुधा ठणठणीत चालतो, आणि दोष निघतो तो बसवण्यात.

सगळ्यात महागात पडणारी चूक विजेची. सेट १३.८ व्होल्टवर चालतो, तर इंजिन चालू असताना ट्रकच्या लाइनवर साधारण २८ व्होल्ट असतात. थेट जोडलात तर सेट जळेल, हे सर्वांना माहीत असतं. म्हणून मग दोन बॅटऱ्यांपैकी चेसिसकडच्या बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून घेतले जातात. गाण्यांच्या टेपसाठी हा जुगाड सर्रास केला जातो, पण रेडिओसाठी तो करू नका. दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला पुढे दुसरी अशा जोडलेल्या असल्यामुळे त्यांना चार्जिंगचा करंट सारखाच मिळतो. ज्या बॅटरीवर सेटचा भार पडतो ती कधीच पूर्ण भरत नाही आणि दुसरी जास्त चार्ज होऊन तिचं पाणी आटतं. काही महिन्यांत पूर्ण जोडी बदलावी लागते, आणि तो भुर्दंड ट्रकमालकाला बसतो.

उपाय म्हणजे चांगला २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर. ५० वॅटचा व्हीएचएफ (जवळच्या संपर्काचा) सेट बोलताना साधारण १० ते १३ अँपिअर ओढतो. त्यासाठी सतत २० अँपिअर देऊ शकणारा कन्व्हर्टर घ्या. खोक्यावर छापलेला आकडा क्षणिक क्षमतेचा असेल तर तो धरू नका. १०० वॅटच्या एचएफ (लांब पल्ल्याच्या) सेटला ३० अँपिअरचा लागेल. कन्व्हर्टर सेटच्या जवळ ठेवा. त्यामुळे बॅटरीपासूनच्या लांब वायरीतून २४ व्होल्टवर जवळजवळ निम्माच करंट जातो आणि वाटेत व्होल्टेजची घट कमी होते. फ्यूज मात्र बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच हवा. तो केबिनमध्ये लावला तर मधली सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाविना राहते, आणि ती चेसिसला घासली की आग लागते.

निगेटिव्ह कुठे जोडायचा, यावर हॅम मंडळींत नेहमी वाद होतो. ट्रकपुरतं माझं मत ठाम आहे: बॅटरीची जाड अर्थ पट्टी चेसिसला जिथे मिळते, तिथे जोडा. थेट बॅटरीच्या खांबावर जोडलात आणि उद्या ती पट्टी सैल झाली किंवा निगेटिव्ह बाजूचा कट-ऑफ स्विच बंद असला, तर ट्रकचा करंट तुमच्या बारीक वायरीतून आणि कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) जाळीतून परतीची वाट शोधतो. सेल्फ मारला की सेटमधून धूर निघतो तो यामुळेच.

केबिन रबरावर असल्याने चेसिसशी तिचा विजेचा संबंध कच्चा असतो. चपटी तांब्याची जाळी आखूड ठेवून केबिन ते चेसिस जोडा. दोन्ही टोकांचा रंग खरवडा आणि जोड पक्का झाल्यावर वरून ग्रीस लावा. केबिन पुढे कलंडणारी असेल तर बिजागराजवळ केबलला पुरेसा ढील द्या. नाहीतर मेकॅनिक केबिन उचलेल आणि तुमची वायर तुटेल.

अँटेनाच्या बाबतीत घाई नडते. १४५ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगाची (तरंगलांबीच्या चौथाई मापाची) काडी सुमारे ४९ सेंटिमीटर असते, पण तिच्याभोवती चारही बाजूंना जवळपास तेवढाच पत्रा लागतो. फायबरच्या टपावर किंवा वाऱ्याच्या डिफ्लेक्टरवर ती लावली तर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते याचं माप) कधीच जमत नाही, आणि चुंबकी बेस तर तिथे चिकटतही नाही. आरशाच्या दांडीवर लावायचीच असेल तर पत्र्यावर अवलंबून नसणारी अर्ध्या तरंगाची अँटेना घ्या. १४४ ला एसडब्ल्यूआर कमी आणि १४६ ला जास्त दिसला तर काडी लांब आहे. ती एकदम न कापता मिलिमीटर-मिलिमीटरने कापा. मोजणी कमी पॉवरवर करा. दीडपर्यंत उत्तम, दोनच्या वर गेला तर बहुतेक सेट स्वतःच पॉवर कमी करतात. मागे उंच कंटेनर असेल तर मागच्या दिशेचा सिग्नल पडणारच. कसारा घाटातल्या वळणांवर हा फरक लगेच जाणवतो. कोॲक्स दारात चेंगरू देऊ नका आणि बाहेरच्या कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. एका पावसाळ्यात पाणी शिरलं की ती केबल फेकावी लागते.

आता खरखर. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतात, त्यामुळे पेट्रोल गाडीची टिकटिक इथे नसते. इथले गुन्हेगार म्हणजे मोबाईल चार्जर, एलईडी दिवे, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम आणि कधी कधी तुमचा कन्व्हर्टरच. सेट वेगळ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा. खरखर गेली तर ती वायरीतून येत होती. राहिली तर अँटेनातून येते आहे. मग ट्रकचे फ्यूज एकेक काढून चोर शोधा आणि फेराइट (खरखर अडवणारी चुंबकीय कडी) त्याच्याच वायरीवर बसवा. समोरच्याला तुमच्या आवाजात शिट्टी ऐकू येत असेल आणि ती इंजिनच्या वेगाबरोबर चढत असेल, तर अल्टरनेटर आणि अर्थचे जोड तपासा.

सेट केबिनमधल्या इंजिनच्या बोनेटवर ठेवू नका, तिथली उष्णता त्याला सोसत नाही. चालवताना हातात धरून संपर्क साधन वापरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे, तेव्हा माईक क्लीनरच्या बाजूला लावा आणि स्वतः बोलायचं असेल तर गाडी बाजूला घ्या.

ऐकू सगळं येतं, पण रिपीटर (तुमचा सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं केंद्र) उघडत नाही, अशी तक्रार असेल तर आधी तो उघडणारा टोन आणि ६०० किलोहर्ट्झचा ऑफसेट (ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) बघा. ते दोन्ही बरोबर असतील तर बोलण्याचं बटण दाबून सेटच्या प्लगवर मीटर लावा. कन्व्हर्टरच्या तोंडाशी १३.८ आणि प्लगवर १२.५ दिसत असेल तर वायर बारीक आहे किंवा लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) नीट दाबलेला नाही. तो लग कापून नवीन क्रिम्प करा, फरक राहिलाच तर वायर जाड घ्या, आणि पुन्हा मोजा.