पेपरवर कुणाचं नाव कितवं?

संशोधनाचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापून आल्यावर लेखकांच्या नावांवरून रुसवेफुगवे होतात, कारण काम सुरू करताना हा विषय कुणी काढलेलाच नसतो. तो नमुन्याची पहिली बाटली भरण्याआधी काढा.

समजा, कणकुंबीपासून खानापूरपर्यंत मलप्रभेच्या पाण्याची तपासणी करायची आहे. नमुने आणून, प्रयोगशाळेत तपासून पहिला मसुदा लिहिणारी विद्यार्थिनी पहिली. आकडेवारीचं विश्लेषण करून तो भाग लिहिणारा दुसरा. संशोधनाला मार्गदर्शन करणारे गाईड शेवटी, आणि विज्ञान-वैद्यक शाखांत ही शेवटची जागा मानाची असते. गणितात, अर्थशास्त्रात मात्र बहुधा आडनावाच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे नावं लागतात. तिथे क्रमावरून काही ठरवू नका.

क्रमाआधी लेखक म्हणून नाव लावण्याचा हक्क बघा. वैद्यकीय जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या अटी चार आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मोलाची सुधारणा, अंतिम प्रतीला संमती आणि छापलेल्याची जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला हव्यात. नुसतं उपकरण वापरू देणारे विभागप्रमुख किंवा बाटल्या वाहून आणणारा मित्र यांची नावं आभारात येतात. मान म्हणून दिलेलं नाव ही फसवणूकच आहे.

गाईडपाशी बोलायला संकोच वाटतो, पण एवढं पुरे: ‘सर, कोण काय करणार ते लिहून काढूया का? नावांचा क्रमही त्यातच ठरवूया.’ ठरलेलं त्याच दिवशी सगळ्यांना मेल करा. जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या समीक्षकांनी नवे प्रयोग मागितले आणि ते दुसऱ्यानेच केले, तर क्रम पुन्हा बघा. पेपर पाठवल्यावर नाव घालायचं किंवा काढायचं तर जर्नल सगळ्या लेखकांची लेखी संमती मागतं.

प्राध्यापकांच्या निवड-बढतीत पेपरला मिळणाऱ्या गुणांचा हिशेब नीट समजून घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत विज्ञानाच्या पेपरला मूळ 8 गुण आहेत. लेखक दोनच असतील तर दोघांनाही 70 टक्के, म्हणजे 5.6, तिथे क्रमाने फरक पडत नाही. तिसरं नाव आलं की पहिल्या, प्रमुख किंवा जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला 70 टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी 30, म्हणजे 2.4. भिडेखातर घातलेलं तिसरं नाव दुसऱ्या लेखकाचे 3.2 गुण घालवतं. ‘दोघांचा समान वाटा’ अशी तारांकित टीप देता येते, पण संदर्भ देताना लोक पहिलंच आडनाव लिहून पुढे ‘आणि इतर’ म्हणतात.

पत्रव्यवहारासाठी कायम चालू राहील असाच ईमेल द्या; कॉलेज सुटल्यावर तिथला बंद पडू शकतो.

नावाचं इंग्रजी स्पेलिंगही एकदाच ठरवा. आपल्या भागात एकाच माणसाच्या कागदपत्रांवर कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे नुसती आद्याक्षरं असतात. मग एकाचेच पेपर दोन नावांखाली विखुरतात. ऑर्किडचा (ORCID), म्हणजे संशोधकाची कायमची ओळख सांगणारा, 16 अंकी क्रमांक फुकट मिळतो. तो पेपर पाठवण्याआधी काढून ठेवा.