हवाईच्या कथांची सूची करताना या चुका टाळा

कथा आपल्या संग्रहात आहे हे ग्रंथपालाला पक्कं ठाऊक असतं. तरी वाचक शोधायला बसला की उत्तर येतं, ‘काही सापडलं नाही’. हवाईयन कथांच्या सूचीतलं हे नेहमीचं दुखणं, आणि त्याचं मूळ बरेचदा एका इवल्याशा चिन्हात असतं.

उलट्या स्वल्पविरामासारखं दिसणारं ते चिन्ह म्हणजे ओकिना. ती सजावट नव्हे, चक्क एक व्यंजन आहे. उच्चारताना घशात क्षणभर अडतं. दुसरं चिन्ह काहाको, स्वर दीर्घ करणारी वरची आडवी रेघ. दोन्ही गाळली की ‘पाउ’ या एकाच लेखनात चार शब्द कोंबले जातात: संपलं, काजळी, ओलसर आणि घागरा. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ एकाच कार्डावर चढवावेत, तसं. किनाऱ्यावर पसरणाऱ्या एका वेलीचं नाव ‘हिइआकाचा घागरा’ आहे. ज्वालामुखीची देवी पेले समुद्रावर गेली असताना या वेलीनं तिच्या तान्ह्या बहिणीला, हिइआकाला, उन्हापासून झाकलं, अशी कथा सांगतात. चिन्हं गाळलेली नोंद नवख्याच्या हाती पडली तर घागऱ्याची काजळी व्हायला वेळ लागत नाही.

उलटी चूकही तितकीच वाईट, म्हणजे उत्साहाच्या भरात सगळीकडे चिन्हं लावत सुटणं. जुन्या वृत्तपत्रांत ती बहुधा छापलेलीच नसत. त्यामुळे मुळात होतं तसं लेखन एका रकान्यात आणि आजचं लेखन दुसऱ्यात ठेवा. अर्थाची खात्री नसेल तर दुसरा रकाना खुशाल रिकामा राहू द्या. शोध तरीही फसत असेल तर कळफलक तपासा. कुणी साधं अवतरणचिन्ह टाकतं, कुणी उलटं, कुणी काहीच नाही. डोळ्याला सगळी सारखीच, यंत्राला मात्र निराळी. युनिकोडमध्ये ओकिनासाठी ०२बीबी हा क्रमांक वापरतात. नोंदीत तोच ठेवा आणि शोधासाठी पडद्यामागे एक चिन्हविरहित रूप जपा.

आता गावांचा घोळ. पेलेला हाएना इथे झोप लागते, तिचा आत्मा ढोलाच्या नादामागे जातो आणि हाएना इथे तिला लोहिआऊ हा राजपुरुष भेटतो. वाचणाऱ्याला वाटेल, ती जागची हललीच नाही! पण पहिलं हाएना हवाई बेटावरच्या पुना भागातलं, दुसरं द्वीपसमूहाच्या पार दुसऱ्या टोकाला, कौआई बेटावर. कथेचा अख्खा प्रवास या दोन गावांमधला, आणि सूचीत ‘हाएना’ एवढंच लिहिलं की तोच पुसला जातो. वाइमेआ तर कौआई, ओआहू आणि हवाई अशा तीन बेटांवर आहे. स्थळापुढे बेटाचं नाव हवंच. माणसांचंही तेच. पेलेच्या हिइआका नावाच्या बहिणी अनेक, म्हणून ‘पेलेच्या उराशी असलेली हिइआका’ हे पूर्ण नाव द्या. कामापुआआ हा वराहदेव तर मासा होतो, झाडही होतो. त्या रूपांखाली ‘पाहा: कामापुआआ’ अशी नोंद टाका.

शीर्षकावरून सूची करणं हा सोपा आणि फसवा मार्ग. १८३४ ते १९४८ या काळात हवाईयन भाषेत सुमारे १०० नियतकालिकं निघाली, त्यांची पानं सव्वा लाखाच्या घरात. कथा त्यात हप्त्याहप्त्यानं येत. हिइआकाची कथा १८६१-६२ मध्ये एका वृत्तपत्रात आली, १९०५-०६ मध्ये वेगळ्या लेखकानं पुन्हा सांगितली, १९१५ मध्ये इंग्रजी पुस्तक निघालं. ‘तीच कथा’ म्हणून तिन्ही एका नोंदीत घालू नका. कथन करणारा, तारीख, अंक आणि भाषा प्रत्येकाची स्वतंत्र हवी. कोणती ‘खरी’ हे ठरवणं सूचीकाराचं काम नाही.

सगळ्यावर ‘दंतकथा’ असा शिक्का मारणंही टाळा. हवाईयन भाषेत कथांना दोन शब्द आहेत: मोओलेलोमध्ये इतिहासही येतो, काआओ ही रचलेली कहाणी. बखर आणि कहाणी एका कप्प्यात टाकली तर आपल्यालाही खटकेलच की.

जतनाबाबत थोडक्यात. ठिसूळ वृत्तपत्राला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला तर ती रिळं लगेच वेगळी काढा आणि प्रत करायला घ्या. सूचीची फाइल स्प्रेडशीटमध्ये सरळ उघडून जतन केली की ओकिनाच्या जागी भलतीच अक्षरं उमटू शकतात. जुन्या मराठी फॉन्टातली फाइल उघडून ज्यांनी कपाळावर हात मारला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. फाइल आयात करताना ‘यूटीएफ-८’ ही अक्षरं साठवण्याची पद्धत निवडा आणि मूळ प्रत बाजूला ठेवा.

आणि कार्डं स्कॅन झाली म्हणून रद्दीत देऊ नका. निदान उलटून बघा, मागे पेन्सिलीनं कुणी काही लिहिलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा.