दारू परत सुरू झाली असेल तर "आधी चार दिवस बंद करतो" म्हणत बसू नका

सात महिने सोडून होतो, एका संध्याकाळी परत घेतली, मग रोजचीच झाली. तेव्हा मी ठरवलं की आधी घरीच चार दिवस बंद करायची, जरा माणसात यायचं आणि मग व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकांना तोंड दाखवायचं. लाजेपोटी बरेच जण हेच करतात आणि नेमकं हेच धोक्याचं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास, घाम, आपण कुठे आहोत तेच न कळणं, यात जीवही जातो. असं काही दिसलं तर केंद्राची वाट न बघता सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं.

म्हणजे आधी केंद्राला फोन, सोडायची कशी ते डॉक्टर सांगतील. मी तर वाक्य कागदावर लिहून वाचलं होतं, "मी तुमचा जुना पेशंट, परत सुरू झालंय, मला यायचंय." कागद हातात थरथरत होता. तिकडून ओरडा नाही, लेक्चर नाही, फक्त "शेवटची कधी घेतली?"

या प्रश्नाचं उत्तर खरं द्या. अर्धी बाटली असेल तर अर्धी बाटलीच सांगा, दोन पेग नाही, कारण त्यावरच डिटॉक्सच्या, म्हणजे दारू सुरक्षितपणे उतरवायच्या औषधाचा डोस ठरतो. झोपेच्या गोळ्या, गांजा, जे काय असेल ते पण सांगा.

मागच्या वेळच्या डायसल्फिरामच्या (दारू घेतली की त्रास होतो, त्या) गोळ्या घरात उरल्या असतील तर स्वतःहून सुरू करू नका, दारू पोटात असताना ती घेतली तर धडधड, उलट्या, बीपी खाली असं होतं. घरच्यांनी गुपचूप जेवणात कालवून तर अजिबातच नको!

गर्द (ब्राउन शुगर) घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ऐका, मधे काही आठवडे बंद होतं ना, तर शरीराची सवय मोडलेली असते, जुना डोस आता जीव घेऊ शकतो.

केंद्रात गेल्यावर परत पहिल्यापासून तेच कशाला असं वाटेल. तसं वाटलं तर सरळ बोला, घ्यायच्या आधीचे दोन-तीन आठवडे त्यांच्यासमोर मांडा. माझं असं निघालं की दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जाणं आधीच बंद झालं होतं, झोप उडाली होती आणि घरी कोणाशी धड बोलत नव्हतो, मग या वेळी औषधासोबत दर आठवड्याला बायकोला घेऊन समुपदेशकांसमोर बसायचं ठरलं.

जाताना कोणीतरी सोबत असू दे, आणि गाडी त्यालाच चालवू दे.