जुन्या मराठी फाइली नव्या विंडोजवर कशा उघडाव्यात

गिरगाव-दादरकडची एखादी सोसायटी पुनर्विकासाला निघाली की कपाटातल्या फ्लॉप्या आणि सीड्या बाहेर येतात. १९९८च्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त हवं असतं, 'जे' रजिस्टरमधली सभासदांची जुनी यादी हवी असते. फाइल उघडते, पण पडद्यावर दिसतात इंग्रजी अक्षरं आणि विचित्र खुणा. वाचनालयांच्या सूच्यांचं तेच, बंद पडलेल्या छापखान्यांतल्या दिवाळी अंकांचंही तेच. मग कोणीतरी सांगतं, "राइट क्लिक करा, कम्पॅटिबिलिटीत जा, एक्सपी निवडा." या सल्ल्यात लोकांचे रविवारच्या रविवार जातात आणि हाती काही लागत नाही.

जुना प्रोग्राम नव्या मशिनवर कायमचा चालता ठेवायचा हट्ट सोडा. तो एकदा चालवायचा तो मजकूर बाहेर काढण्यापुरता. एकदा मजकूर शुद्ध युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आला की पुढच्या कुठल्याही विंडोजची काळजी उरत नाही.

पायरी १: आधी प्रत

फ्लॉपी किंवा सीडीवरून थेट काम करू नका. सगळं आधी हार्ड डिस्कवर उतरवा आणि त्या उतरवलेल्या फोल्डरचीही एक प्रत काढा. यूएसबीची साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह लॅमिंग्टन रोडवर विचारा. जुनी ४० पिनांची हार्ड डिस्क असेल तर यूएसबी अडॅप्टर स्वतंत्र वीजपुरवठ्यासकट घ्या, कारण नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. मुंबईच्या दमट हवेत फ्लॉपीवर बुरशी धरते. पांढरे डाग दिसले तर ड्राइव्हमध्ये घालू नका. ती बुरशी ड्राइव्हच्या डोक्याला लागते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही खराब करते.

पायरी २: प्रोग्राम लागतोय का, ते पाहा

पुष्कळदा लागत नाही. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामच्या डीबीएफ फाइली फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये सरळ उघडतात. वर्ड ९५ किंवा त्याआधीची फाइल नवा वर्ड अडवतो, कारण ट्रस्ट सेंटरमधल्या फाइल ब्लॉक सेटिंगमध्ये तिच्यावर खूण असते. ती काढा किंवा फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडा. डॉसवरचा हिशेबाचा प्रोग्राम डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालतो. पेजमेकर या छपाईची पानं मांडण्याच्या जुन्या प्रोग्रामच्या ६ आणि ७ आवृत्त्यांच्या फाइली लिब्रेऑफिस ड्रॉ उघडतो, पण त्यात मजकुराची मांडणी तुटते. नुसतं काय आहे ते पाहण्यापुरता त्याचा उपयोग. पेजमेकरनंतर आलेल्या इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्याही पेजमेकरच्या फाइली घेत, त्यानंतरच्या घेत नाहीत. एखाद्या डीटीपीवाल्याकडे जुनं इनडिझाइन असेल तर आधी त्याला गाठा.

पायरी ३: जुनी विंडोज, पण पेटीत बंद

प्रोग्राम लागणारच असेल तर एक गोष्ट समजून घ्या. ६४ बिटांची विंडोज १६ बिटांचे, म्हणजे डॉस आणि विंडोज ३.१च्या काळातले, प्रोग्राम चालवतच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटांतच येते. म्हणून कम्पॅटिबिलिटीची खूण करून काही होत नाही. नव्वदीतल्या कित्येक प्रोग्रामांत मुख्य प्रोग्राम ३२ बिटांचा असला तरी सेटअप १६ बिटांचा असे. म्हणजे प्रोग्राम चालला असता, पण तो आत शिरण्याआधी दारातच अडतो.

यावर उपाय व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे तुमच्या संगणकाच्या आत दुसरा नकली संगणक चालवणारा प्रोग्राम. ते फुकट आहे. त्यात तुमच्या स्वतःच्या सीडीवरून आणि जुन्या कॅबिनेटवर चिकटवलेल्या कीने एक्सपी घाला. ५१२ एमबी मेमरी आणि १० जीबी डिस्क पुरते. आत एखादा प्रिंटर बसवून ठेवा, प्रत्यक्षात नसला तरी, कारण पेजमेकर प्रिंटरवाचून कुरकुरतो. नेटवर्क मात्र बंद ठेवा, त्यात तडजोड नको. एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित सुरक्षा ८ एप्रिल २०१४ला थांबली. असं मशिन इंटरनेटवर सोडणं म्हणजे सोसायटीचे कागद रस्त्यावर ठेवणं. फाइलींची ने-आण शेअर्ड फोल्डरने किंवा पेनड्राइव्हने करा.

जुन्या मराठी सॉफ्टवेअरला डोंगल असायचं, म्हणजे संगणकाला जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी छोटी किल्ली. यूएसबीचं असेल तर ते व्हर्च्युअलबॉक्समधून आतल्या एक्सपीला जोडता येतं. प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टवर लागणारं असेल, तर बाजारातली यूएसबी-प्रिंटर केबल त्याला चालत नाही. दुकानदार चालेल म्हणाला तरी घेऊ नका. अशा वेळी तो पोर्ट असलेलं जुनं मशिन एका दिवसासाठी मागून आणणं बरं. आणि 'डोंगल नको' म्हणून नेटवर फुकट मिळणाऱ्या फोडलेल्या आवृत्त्यांच्या वाटेला जाऊ नका. जो मजकूर वाचवायचा आहे, त्याच्याच शेजारी व्हायरस आणून बसवल्यासारखं होतं.

पायरी ४: मजकूर बाहेर काढणं

मूळ प्रोग्राममधून सर्वांत आधी प्रत्येक पानाची पीडीएफ करा, फॉन्ट आत बांधून. तिच्यातला मजकूर कॉपी केलात तर कचराच मिळेल, पण मूळ पान कसं दिसत होतं याचा पुरावा ती आहे. तपासताना तीच समोर लागते.

मग पेजमेकरमध्ये मजकुरात कर्सर ठेवून सगळं निवडा आणि एक्स्पोर्ट करा. एक्स्पोर्ट कर्सर असलेल्या स्टोरीपुरताच (एका सलग मजकुरापुरताच) होतो, म्हणून चौकटीतले मजकूर आणि चित्रओळी वेगळ्या काढाव्या लागतात. प्रकार निवडताना आरटीएफ निवडा, त्यात मजकुराबरोबर फॉन्टची नावंही राहतात. नुसता टेक्स्ट निवडलात तर फॉन्टची नावं गळतात, आणि मग कोणता शब्द मराठी फॉन्टातला होता आणि कोणता खरोखरच इंग्रजी, हे कळायला मार्ग राहत नाही. पुढचं सगळं याच माहितीवर चालतं.

पायरी ५: युनिकोडमध्ये आणणं

इथेच खरी परीक्षा आहे. बहुतेक मार्गदर्शनं इथे "कन्व्हर्टरमध्ये (जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये) पेस्ट करा" एवढं सांगून थांबतात. मला ही पायरी नीट कळायला बरीच वर्षं लागली, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या मराठी फॉन्टांत मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवलेले असतात: काना, पहिली वेलांटी, अर्धा त, रफार. कृतिदेवमध्ये इंग्रजी छोट्या 'आय'च्या जागी प आहे आणि मोठ्या 'आय'च्या जागी अर्धा प. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, प्रत्येकाचं वाटप निराळं. म्हणून फॉन्टचं नाव नेमकं माहीत हवं. 'आयएसएमचा असेल' एवढ्यावर भागत नाही, कारण एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांचंही वाटप वेगळं असतं. डीव्हीटीटी योगेश आणि डीव्हीबीटीटी योगेश दिसायला सारखे, पण एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला लावलात तर अर्धी जोडाक्षरं बिघडतात. आरटीएफ उघडून शब्दावर कर्सर ठेवा. फॉन्ट मशिनवर नसला तरी त्याचं नाव वरच्या पट्टीत दिसतं. ते जसंच्या तसं लिहून घ्या.

"सगळं सिलेक्ट करून फॉन्ट मंगल (विंडोजचा युनिकोड फॉन्ट) करा" हा सल्ला देणाऱ्यांवर मला मनापासून राग आहे. त्याने मजकूर मराठी होत नाही, उलट फॉन्टचं नाव पुसलं जातं आणि वाचायची किल्लीच हरवते. तसंच, जुन्या फॉन्टातल्या फाइलीत काहीही टाइप करण्याआधी वर्डचं ऑटोकरेक्ट बंद करा. सुटा छोटा 'आय' वर्ड आपणहून मोठा करतो, आणि कृतिदेवमध्ये तिथे प चा अर्धा प होतो. सरळ अवतरणचिन्हं तो वाकडी करतो, आणि त्या सरळ चिन्हांच्या जागी कृतिदेवमध्ये अर्धा श आणि अर्धा ष आहेत.

कन्व्हर्टर निवडताना, ज्या कंपनीचा फॉन्ट तिच्याच नव्या आवृत्तीतला कन्व्हर्टर मिळत असेल तर तोच घ्या. तोच सर्वांत कमी चुका करतो. नेटवरच्या फुकट पानांवर कविता पेस्ट करा हवी तर, सभासदांची नावं, पत्ते आणि शेअर सर्टिफिकेटचे क्रमांक नको. कन्व्हर्टरमधून नुसते चौकोन आले किंवा मजकूर जसाच्या तसा परत आला, तर फॉन्ट बहुधा 'सिंबल' प्रकारातला आहे. अशा फॉन्टची अक्षरं वर्ड युनिकोडच्या खासगी वापराच्या भागात नेऊन ठेवतो, आणि कन्व्हर्टर ती नेहमीच्या जागी शोधत राहतो. वर्डमध्ये लिहिलेल्या एका छोट्या मॅक्रोने (आपोआप चालणाऱ्या सूचनांच्या यादीने) ती नेहमीच्या जागी आणता येतात. प्रोग्रामिंग येणारा भाचा घरात असेल तर त्याला बसवा.

आता चुका. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षराच्या नंतर, म्हणजे दिसतं तसं. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे साठवण होते: वेलांटी नंतर, रफाराचा र् आधी. कन्व्हर्टरला ही उलटापालट करावी लागते आणि जोडाक्षर आलं की कच्चा कन्व्हर्टर चुकतो. 'स्थिती'ची 'सि्थती' होते, 'व्यक्तिगत'चं 'व्यकि्तगत' होतं, 'मूर्ती'ची 'मूतीर्' होते, 'मार्गे'चं 'मागेर्'.

या चुका वाचून शोधू नका, डोळा थकतो आणि चुकवतो. शोधा-बदलामधून शोधा. वेलांटीपाठोपाठ पाय मोडल्याची खूण: मराठीत हा क्रम कधीच येत नाही, म्हणून सापडेल ती प्रत्येक जागा चूक. शब्दाच्या शेवटी र् आणि पुढे मोकळी जागा किंवा विराम: हीही जवळजवळ नेहमी चूकच. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य मुद्दाम तपासा, कारण तिथे हमखास 'दुसर्या' येतं.

यांहून धोकादायक चुका डोळ्यांना दिसतच नाहीत. 'कोण'मधला ओकार एका चिन्हाऐवजी काना आणि मात्रा अशा दोन चिन्हांनी साठवलेला असतो, 'आ' हा अ आणि काना असा, 'ऑफिस'चा ऑ हा आ आणि चंद्र असा. पडद्यावर बहुतेक ठिकाणी शब्द बरोबर दिसतो. पण पाच वर्षांनी कोणी 'आठवले' हे आडनाव शोधेल, संगणक 'सापडत नाही' म्हणेल, आणि माणूस ते खरं मानेल. म्हणून या तीन जोड्या पूर्ण मजकुरात एकगठ्ठा बदला. यादीपुरतं काम असेल तरीही बदला, किंबहुना यादीत जास्तच, कारण यादी शोधण्यासाठीच असते.

शेवटी पीडीएफ एका बाजूला आणि नवा मजकूर दुसऱ्या बाजूला ठेवून दोघांनी वाचा: एकाने मोठ्याने, दुसऱ्याने पाहत. आकडे आणि आडनावं दोनदा. इंग्रजी शब्द, गाळ्यांचे क्रमांक आणि फोन नंबर कन्व्हर्टरने मराठी समजून बदललेले असू शकतात.

सीडॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डवर (डॉसमध्ये भारतीय लिपी लिहू देणारं कार्ड) केलेल्या फाइली हाती आल्या तर घाबरू नका, त्या सर्वांत सोप्या. त्या इस्कीत, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या जुन्या संकेतपद्धतीत, असतात, आणि इस्कीतही साठवण उच्चाराप्रमाणेच होते. युनिकोडचा देवनागरी तक्ता १९८८च्या इस्कीवरूनच आखलेला आहे, त्यामुळे वेलांटी-रफाराची उलटापालट करावी लागत नाही.

पायरी ६: ठेवायचं कसं

फॉन्ट कोणताही युनिकोड निवडा. विंडोजमधला निर्मला चालतो. मला मुंबईच्या एक टाइपचा मुक्त 'मुक्ता' आवडतो. एका फोल्डरात मूळ फाइल, आरटीएफ, पीडीएफ, नवा मजकूर आणि जुन्या फॉन्टची फाइल एकत्र ठेवा. सोबत एक छोटी टीप लिहा: फॉन्टचं नाव, कोणता कन्व्हर्टर वापरला, काय काय एकगठ्ठा बदललं. मूळ फाइल कधीच पुसू नका. पुढे एखादं नाव चुकीचं निघालं तर पुन्हा तिच्याकडेच जावं लागतं. डोंगलही त्याच कपाटात ठेवा, वर सॉफ्टवेअरचं नाव लिहून.