लॅब्रॅडॉरला डमी आणायला कसं शिकवावं

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडे लॅब्रॅडॉर खूप जण पाळतात, पण बिचाऱ्याचा जन्म फाटकाजवळ बसून जातो. शिकारीत पडलेला पक्षी शोधून, दात न लावता आणून देणं हे त्याचं खरं काम. या कामाच्या परदेशात स्पर्धा होतात; अमेरिकेत लॅब्रॅडॉरची पहिली मैदानी चाचणी 1931 साली झाली. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ती हवीच. त्यामुळे सगळा सराव कॅनव्हासच्या डमीवर, म्हणजे पक्ष्याऐवजी फेकायच्या भरीव गुंडाळीवर करायचा. ब्रिटनमध्येही डमीवरच्या वेगळ्या स्पर्धा असतात. मोठ्या कुत्र्याला साधारण अर्ध्या किलोची डमी चालते, पिल्लाला गुंडाळलेला मोजा पुरे.

सुरुवात घराच्या बोळातून करा. दोन्ही बाजूंना भिंती, पुढचं दार बंद. मोजा फेकला की पिल्लाला परत तुमच्याकडेच यावं लागतं. आल्यावर लगेच मोजा हिसकावू नका. छातीवरून हात फिरवा, मग अलगद घ्या. ओढाओढीचा खेळ तर अजिबात नको, त्यानं पकड कडक होते. आणि पक्षी चिरडणारा कुत्रा स्पर्धेतून थेट बाद होतो.

यानंतरचा धडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक गाळतात: थांबणं. कुत्र्याला डाव्या पायाशी बसवा, पट्टा हातात ठेवा, डमी फेका आणि स्वतः चालत जाऊन उचलून आणा. पुन्हा फेका, पुन्हा तुम्हीच आणा. त्याला मधूनच एखादी मिळू द्या, तीही तो शांत बसला असेल आणि तुम्ही ‘आण’ म्हणालात तरच. ब्रिटिश नियमांत हुकमाआधी धावणारा आणि बसल्या जागी कुंईकुंई करणारा, दोघेही बाद. महिनाभर याच धड्यावर गेला तरी जाऊ द्या.

मग रान. सोयाबीन निघाल्यावर वावर मोकळं होतं, पण तुरीचं रान टाळा. तिची धसकटं पंजात घुसतात. जोडीदाराला पन्नासेक पावलांवर उभं करून डमी उंच फेकायला सांगा, म्हणजे कुत्र्याला ती पडताना दिसेल. एक जमली की दोन, वेगवेगळ्या दिशांना. बहुधा शेवटी पडलेली तो आधी आणतो. पहिलीची जागा लक्षात ठेवणं हीच त्याची परीक्षा.

न दिसलेली डमी शिट्टीवर आणायची. एक लांब शिट्टी म्हणजे बस आणि माझ्याकडे बघ. तुटक शिट्ट्या म्हणजे परत ये. तो बसून बघू लागला की डावा किंवा उजवा हात आडवा करून दिशा दाखवा. आणखी पुढे पाठवायचं असेल तर हात सरळ वर.

पाण्यासाठी उतरत्या काठाचा पाझर तलाव बघा. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात कुत्र्याला कधीही उतरवू नका. कागदावरून पंजे घसरतात, वर येता येत नाही आणि चांगला पोहणारा कुत्राही बुडतो.

दिवाळी ते शिवरात्र हा सरावाचा हंगाम. उन्हाळ्यात दिवस उजाडताच काम उरका. जीभ लांब बाहेर येऊन धाप थांबेना, की तिथंच थांबवून सावलीत न्या, अंगावर पाणी ओता. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यात कुसळं आणि कानामागे गोचीड रोज बघा. कुत्रा एकसारखं डोकं झटकत असेल तर कुसळ कानात गेलेलं असू शकतं. ते काढायचं काम जनावरांच्या डॉक्टरचं.