मॉडेलमधला बर्फ वितळत नाही? या चुका टाळा

आपली गोदावरी पावसावर वाहते. नांदेड-परभणीच्या पोरांना बर्फ ठाऊक असतो तो रसवंतीवरच्या, गोणपाटात गुंडाळलेल्या लादीचा. सतलज, चिनाब या नद्यांना मात्र उन्हाळ्यात बर्फाचं पाणी येतं. म्हणून हिमालयावर प्रादेशिक हवामान मॉडेल (एका भागाचं हवामान गणिताने मांडणारा संगणकी प्रोग्राम) चालवायला बसलं की हमखास इथे अडतं: मे उजाडला, उपग्रहाच्या चित्रात उतार उघडे पडले, मॉडेलमध्ये मात्र अजून पांढरंशुभ्र.

मग घाईघाईने तापमानात दुरुस्ती होते. कृपा करून तसं करू नका, आधी अल्बेडो, म्हणजे पृष्ठभाग किती ऊन परत फेकतो ते, काढून बघा. आपण उन्हाळ्यात पत्र्यावर चुना मारतो ना? पहिल्या दिवशी डोळे दिपतात, खालची खोली गार होते. एक वावटळ धूळ टाकून गेली की पत्रा मळतो आणि दुपारी पुन्हा भट्टी. बर्फाचंही तेच. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के ऊन परत फेकतो, जुना ओलसर बर्फ ५० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ८५ वरून ५० वर आलं की आत मुरणारं ऊन तिपटीहून जास्त. मॉडेलमधला बर्फ जुना होतच नसेल, तर वितळणार कसा? शिवाय बर्फ टिकला की हवा गार, आणि हवा गार की बर्फ टिकतो. आउटपुटमधला गारठा हे कारण नसून परिणामही असू शकतो. तापमान ओढूनताणून वाढवलं की मूळ दोष झाकला जातो.

मॉडेलच्या तापमानाची हवामान केंद्राच्या (स्टेशनच्या) नोंदीशी तुलना करतानाही उंची बघा. मॉडेल प्रदेशाचे चौकोन पाडतं; २५ किलोमीटरच्या अशा चौकोनात (ग्रिडमध्ये) शिखर आणि दरी एक होतात. स्टेशन दरीत आणि ग्रिडची उंची हजार मीटर वर असेल, तर सुमारे साडेसहा अंशांचा फरक तिथेच पडतो.

बर्फाची जाडी म्हणजे पाणी नव्हे. दहा सेंटीमीटर ताज्या बर्फाचं साधारण १० मिलिमीटर पाणी होतं, दबलेल्या जुन्या बर्फाचं ३०-४०. नदीचा हिशोब जाडीवरून मांडू नका.

पाऊस की बर्फ, हे कोणत्या तापमानाला ठरतं तेही तपासा. नोआ-एमपीमध्ये (मॉडेलमधली जमीन आणि बर्फ सांभाळणारा भाग) शून्य अंशाचा पर्याय आहे, तसा २.२ अंशांचाही.

आणि रन जानेवारीत सुरू करू नका. सुरुवातीची स्थिती ज्यातून घेतात त्या ईआरए-५ या जागतिक हवामान-माहितीसंचात तिबेटच्या पठारावर बर्फ मुळातच जास्त दिसतो. तोच उधारीचा बर्फ वसंतापर्यंत सोबत येतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, बर्फ सगळ्यात कमी असताना सुरुवात करा, म्हणजे हिवाळ्याचा थर मॉडेल स्वतः रचेल.