तपासणी यादी वर्गात नेण्याआधी

नववी-दहावीला मराठी शिकवायला लागलात की कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर निबंधाच्या तपासणी यादीची पीडीएफ पाठवणारच. ती वापरू नका. ‘शुद्धलेखन तपासले का? विरामचिन्हे दिली का? विषयाला धरून लिहिले का?’ अशा प्रश्नांवर वही न उघडताही बरोबरची खूण करता येते, आणि मुलं तेच करतात. पहिल्या वर्षी माझ्याकडे सगळ्या खुणा केलेले निबंध यायचे, मजकूर मात्र जसाच्या तसा. मुलं आळशी नव्हती. ‘शुद्धलेखन तपासलं का’ याचं त्यांच्या परीनं खरं उत्तर ‘हो’ हेच होतं. जे चूक आहे हेच ठाऊक नाही, ते दिसणार कसं?

हे ठासून सांगते, कारण सगळं इथेच बिघडतं. यादीतल्या प्रत्येक ओळीनं मुलाच्या हाताला काम दिलं पाहिजे आणि ते काम कागदावर दिसलं पाहिजे. ग्रंथालयासाठी पुस्तकांचं मागणीपत्र असेल, तर ‘मागणी स्पष्ट आहे का’ असं विचारू नका. ‘मागणीच्या वाक्याखाली रेघ मारा, पुस्तकाचं नाव आणि प्रतींची संख्या यांना गोल करा’ असं लिहा. गोल करायला काही सापडलं नाही की पोरगं आपणच थांबतं आणि वाक्य दुरुस्त करतं. शुद्धलेखनाचंही तसंच. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम यादीत कोंबू नका. प्रत्यय लागलेले पाच शब्द शोधायला सांगा आणि त्यांची मूळ रूपं वहीच्या समासात लिहून घ्या. ‘फूल’ आणि ‘फुलाला’, ‘गरीब’ आणि ‘गरिबाला’ शेजारी आले की ह्रस्व-दीर्घ नजरेला खुपायला लागतं. वैचारिक निबंधात प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वेगळं उतरवून घ्या. दोन वाक्यं एकच गोष्ट सांगत असतील, तर एक परिच्छेद गेला.

एका वेळी तीन ओळी, फार तर चार. लिहिल्या दिवशी तपासणी नको, मध्ये एक रात्र जाऊ द्या.

शाळेतले जुने शिक्षक म्हणतील, लाल पेन घ्या, चुका गोल करा, मोकळे व्हा. त्यांचा मान ठेवा, पण हे ऐकू नका. आपण दाखवलेली चूक मूल दुरुस्त करतं आणि विसरून जातं. बोर्डाच्या ८० गुणांच्या पेपरात, त्या ३ तासांत, त्याची वही त्यालाच वाचायची असते.

वेळ जातो, हे खरं. पोर्शन मागे पडेल ही भीती मला अजूनही वाटते, जानेवारीत तर फारच. तरी धीर सोडू नका. हाताला सवय लागली की तपासणी तासिकेच्या शेवटच्या दहा मिनिटांत उरकते. दिवाळीनंतर प्रत्येकाला स्वतःच्या नेहमीच्या चुकीवर एक ओळ यादीत घालू द्या आणि गरज संपलेली ओळ खोडू द्या. ज्याला ओळ सुचत नाही, त्याला त्याचाच परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावा. तो जिथे अडखळेल, तिथे त्याची ओळ सापडते.